सागरच्या हातातली दुनळी

मी, विठ्ठल सोनू मेस्त्री, धंदा सुतारकाम, वय अडुसष्ट, मूळ राहणार तालुका देवगड, हल्ली गुदैबिया, बहारीन, माझ्यामागे काय व्हावं ते शुद्धीवर राहून स्वतःच्या अक्षरात लिहितो. फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं नाही. कुणी धाक घातलेला नाही. घालायला आता उरलंय कोण.

१. देवगडचं घर, परसातली कलमं आणि बँकेतली शिल्लक माझी बायको रंभा हिला, तिच्यामागे मुलगी पूर्णिमा हिला. चुलतभाऊ दाजी यांनी कुंपण सरकवून आमची दोन कलमं आत घेतली, ती त्यांना लखलाभ. माझा मुलगा सागर गेला तेव्हा खांदा द्यायला आले होते, तेवढ्यावर सोडलं.

२. पटाशा, रंधे, करवती कारखान्यातल्या फराजला. रंधा ढकलायचा नसतो रे बाबा, चालवायचा असतो.

३. दुनळी बंदूक. सागर इथेच एकाच्या मळ्यावर कामाला होता. मालकाला काडतुसं भरून देताना, बंदूक मिटताक्षणी ती उडाली. छरे मांडीत गेले. इस्पितळ गाठेपर्यंत रक्त संपलं. कागदावर आलं, नोकर बंदुकीशी खेळत होता.

पुढे मालक वारले, मुलांनी बंदुका लिलावात काढल्या. तेव्हापासून मी ओळखीच्या महमूदभाईंबरोबर लिलावांना जाऊ लागलो. जुन्या विलायती बंदुकांचा शौक त्यांचा, लायसन्सही त्यांचं. लोक म्हणत, म्हाताऱ्यालाही नाद लागला. मी एकच बंदूक शोधत होतो. आपोआप उडणारी ती चीज पॉलिश होऊन आणखी कुणाच्या घरात जाईल, या विचाराने झोप लागत नसे. सागरने तिला खांद्यावर घेऊन फोटो पाठवला होता. दस्त्याच्या अक्रोडात, ओहोटीनंतर वाळूवर उमटते तशी नक्षी. एका लाकडाची रेघ दुसऱ्यात येत नाही.

यंदा रमझानआधी ईसा टाउनजवळच्या एका लिलावात ती दिसली. महमूदभाईंनी घेतली. रिकामी काडतुसं घालून मिटली, आतला घोडा आपोआप पडला. टक्. पुन्हा मिटली. टक्. चाप कुणी शिवलाच नव्हता. महमूदभाईंनी काडतुसं काढून घेतली. मग हळूच म्हणाले, "चाचा, एक पुर्जा बदल दूँ? ऐसी चीज दोबारा नहीं बनेगी."

"मेरा भी दोबारा नहीं बना, महमूदभाई. खलास."

बंदूक त्यांच्या कपाटात आहे. ती मोडून टाकायला पोलिसांच्या परवानगीची वाट बघतोय. माझा श्वास तेवढा पुरेलसं दिसत नाही, म्हणून हे कलम. परवानगी येताच महमूदभाईंनी नळ्या आणि कळ कापावी. अख्खी भंगारातही जाऊ नये. दस्ता आधीच उतरवून माझ्या चितेवर ठेवावा. फार सुंदर लाकूड आहे, कुणाला फ्रेम करायचा मोह होईल. करू नये.

४. रंभे, हे तुला. "नको तिथे हात घालायची खोडच होती मेल्याला," म्हणून तू तो फोटो ट्रंकेत पालथा घातलास. महमूदभाईंनी ती दुनळी मिटली त्याचा व्हिडिओ पूर्णिमाच्या मोबाइलवर पाठवलाय, तो बघ. टक् होतं तेव्हा महमूदभाईंच्या बोटाकडे बघ. चापापासून लांब आहे. मग फोटो बाहेर काढ, भिंतीवर लाव. खांद्यावर बंदूक दिसते, दिसू दे. पोर हसतंय.

वरील सर्व वाचून, पुन्हा एकदा वाचून, सही केली.

विठ्ठल सोनू मेस्त्री

आमच्यादेखत सही झाली:
जैनुद्दीन काझी, शेजारी
जयप्रकाश नेने, अकाउंटंट

गुदैबिया, बहारीन
९ एप्रिल २०२५