बुरुलचे दोन मार्क

नारीन, १९ जून

चि. तुर्दूस ताईचा आशीर्वाद.

वर कुरणावर फोन लागत नाही, म्हणून दुधाच्या गाडीवाल्याबरोबर हे पत्र धाडते आहे. तुझी कंबर कशी आहे? घोड्या दूध देतात ना नीट? इकडे मी मजेत. मजेत कसली, डोंबल!

बुरुल माझ्याच विषयात नापास झाली तेव्हा तू म्हणालास, "पोरीच्या डोक्यात नाही तर नाही ताई, थंडीआधी लग्न उरकून टाकू." मी मान डोलावली. त्या डोलावण्याची लाज वाटते आहे.

वसंतात तुझी एकशे चाळीस कोकरं आम्ही तोलली, आठवतं? बहुतेक चार किलोच्या आसपास. अगदी किडमिडी मोजकीच, धष्टपुष्टही मोजकीच. बुरुलने त्याचं चित्र काढलं: मधे उंच, दोन्हीकडे उतरत गेलेली टेकडी. संख्याशास्त्रात हेच पहिलं शिकवतो. कोकरं आधी तोलायची, टेकडी मग आपोआप दिसते.

मी उलटं केलं. पेपर तपासायच्या आधीच टेकडी आखली. अकरा मुलं: एक वर, एक खाली नापास, बाकीची मधे. मेजवानीत पाहुण्यांच्या मानाप्रमाणे मटणाचे वाटे आधीच लावतात ना, तसे. मग कुणाच्या तरी ताटात शेवटचा वाटा पडणारच!

बुरुलने वर्गातच विचारलं होतं, "आत्या, आम्ही चाळणीतून निवडून आलेले अकराच जण. आमची टेकडी कशी होईल? सगळेच चांगले असले तर?"

"मला शिकवतेस? बस खाली!" म्हणाले मी. तिचं बरोबर होतं, तुर्दू. एकाहत्तर मार्क मिळवून पोर नापास झाली, कारण बाकी दहा जणांना त्याहून जास्त होते.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. पुन्हा फोडलं.

निकालाच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एकीने टोमणा मारला, "उम्सुनायबाईंची भाची, मग काय, पास होणारच!" सगळे हसले. मी घरी येऊन बुरुलचा पेपर पुन्हा काढला. तिचे त्र्याहत्तर होते. एका बरोबर उत्तराचे दोन मार्क मी कापले. शेवटून दुसरी होती, शेवटची झाली. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी आपल्या पोरीचा बळी दिला रे.

काल परीक्षा समितीसमोर हे सगळं बोलले. आखलेली टेकडी रद्द झाली, अकराही पास. माझ्या नोकरीचं पुढच्या आठवड्यात ठरेल. जाईना का.

रविवारी मुलाकडचे तिच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला येताहेत, असं गाडीवाला म्हणाला. पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. थांब असं तुला सांगायचा हक्क मी गमावून बसले आहे. एवढंच कर, हे पत्र तिच्या हातात दे. तिला वाचू दे, हवं तेवढं मला शिव्या घालू दे. आपण मूर्ख नाही हे कळल्यावरही तिने कान पुढे केले, तर मी लग्नाला येईन आणि तोंडातून ब्र काढणार नाही.

तिला नापास करणारी,
तुझी ताई
उम्सुनाय