मी दिलेला मथळा

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होतो. त्यानंतरचं थोडक्यात सांगायचं तर कॉलेज मधेच सोडलं. सरांशी भांडलो, परत गेलोच नाही. आई अजून पाहुण्यांना ‘ब्रेक घेतलाय’ असं सांगते. आता कर्वेनगरला एका न्यूज पोर्टलमध्ये बातम्या लावतो. तुम्ही पेपरात मुद्रितशोधक होतात, म्हणजे जवळजवळ तुमचंच काम. अजून डोळ्यांपुढे येतं: रविवारी तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, हातात लाल पेन, आणि ‘अभागी’, ‘नराधम’ असल्या शब्दांभोवती गोल काढताय. मी जेवायला मागतोय. तुम्ही म्हणता, “आधी हे मोठ्यानं वाच. जिच्याबद्दल लिहिलंय ती समोर बसलीय असं समज. जीभ अडखळली की शब्द काढायचा.”

ऑफिसात एक रिपोर्टर आहे, मला आवडते. किती, तर तिच्या डब्यातलं कोण खातं यावरही माझं लक्ष असतं. बहुतेक वेळा डेस्कवरचा एक पदवीवाला खातो. परवा तिनं गर्भपाताच्या कायद्याची बातमी आणली. चोवीस आठवडे उलटल्यावर गर्भात गंभीर दोष कळला, म्हणून एक बाई परवानगी मागायला हायकोर्टात गेली होती. मी म्हटलं, दे, मी बघतो. ती म्हणाली, “नको. तुझ्याकडे दिली की बातमीची टीव्ही मालिका होते.” मग ती आणि तो पदवीवाला एका स्क्रीनपुढे तासभर. ‘बाळ’ लिहायचं की ‘गर्भ’, ‘आई’ की ‘याचिकाकर्ती’. एका शब्दासाठी इतकं जवळ बसावं लागतं? वर तो तिला प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून दाखवत होता, अगदी तुमच्यासारखा. माझ्या बापाची पद्धत याला कुणी दिली? नंतर दोघं चहाला गेली. मला विचारलंही नाही.

बातमी मलाच लावायची होती. मी मथळा बदलला: ‘निर्दयी आईला नकोसा झाला पोटचा गोळा!’ तासाभरात सगळीकडे फिरला. संपादक म्हणाले, जमलंय.

काल ती माझ्या टेबलाशी आली. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडलो असतो. पण ती खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. त्या बाईच्या सासूनं तिला मोबाइलवर तो मथळा दाखवला होता. बाईनं हिला फोन करून एवढंच विचारलं, “ताई, हे तुम्ही लिहिलंत?”

“काय सांगू तिला?” तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, व्ह्यूजसाठी दिला, सगळेच देतात. ती ‘बरं’ म्हणाली आणि उठून गेली. मथळा मी दुपारी बदलला, पण आधीचा लोकांच्या फोनमध्ये फिरतोच आहे.

तुमच्याशी कशाला खोटं बोलू. व्ह्यूज माझ्या डोक्यातही नव्हते, ती बाईसुद्धा नव्हती. समोरच्या टपरीवर ही दोघं हसत होती, त्यांच्याकडे बघत मी ‘निर्दयी’ टाइप केलं. तो शब्द हिच्यासाठी होता. हे तिला सांगायलाच हवं. पण माझं तिच्यावर प्रेम आहे, हेही मग तिला पहिल्यांदा त्यातूनच कळेल. म्हणून अजून सांगितलेलं नाही.