आवतन वाजलं, बोळवण राहिली

२० एप्रिल, रविवार
पोचलो एकदाचा कुरुंद्याला! हळदीच्या गोदामात ओलावा तपासायची नोकरी आणि राहायला शालूबाईंची मागची खोली. बॅग खाली ठेवली नाही तोच त्यांनी विचारलं, की लग्न काहून केलं न्हाई? मी हसून वेळ मारून नेली. आई गेल्यापासून वर्षभर एकटाच जेवतोय, हे पहिल्याच दिवशी काय सांगायचं! संध्याकाळी मोबाईलवर डीजेचं ॲप उघडलं आणि दोन गाणी एकमेकांत मिसळत बसलो. एक विरत जातं, दुसरं वर येतं. हा माझा एकुलता एक शौक. ऐकणारं कुणी नाही, म्हणजे चुकलं तरी अब्रू शाबूत.

२३ एप्रिल, बुधवार
शौकाचा बोभाटा झाला! शालूबाईंच्या लेकीची, पुनमची शनिवारी हळद. ती म्हणाली, दादा, गाणी तुमीच वाजवा, स्पीकर आमी आणतो. नाही कशाला म्हणू? शालूबाईंनी आवतनाचं गाणं माझ्या मोबाईलमध्ये म्हणून दिलं. त्यांच्या घरी हळदीच्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन जेवायला बोलावतात. म्हणजे त्यांचा नवरा उकंडराव आणि सासू मिराबाई. शेवटच्या कडव्यात पुन्हा एकेकाचं नाव घेऊन त्यांना परत पाठवायचं, ती बोळवण. दोन्ही बराबर वाजव बाबा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

२५ एप्रिल, शुक्रवार
काय आवाज आहे बाईंचा! आवतनाच्या ओळीचा लूप केला, आता तेवढीच ओळ फिरून फिरून वाजते. खाली ढोलकीचा ठेका दिला, झकास जमलं. बोळवण मात्र ठेक्यात बसेना. नवऱ्याच्या नावापाशी बाईंना रडू फुटलंय आणि ताल सुटलाय. कापून टाकली. कुणाला कळतंय त्या गोंगाटात!
मिराबाईंच्या नावानंतर थोडी जागा उरत होती. तिथं माझ्या आवाजात आईचं नाव घातलं. साधना. असंच आपलं. बरं वाटलं.

२६ एप्रिल, शनिवार
पाऊण तास लूप फिरवला, बाया नाचून नाचून दमल्या. वर्षभरात एवढ्या माणसांत बसून जेवलो नव्हतो. बोळवण वाजली का, असं शालूबाईंनी विचारलं. मी व्हय म्हणालो. उद्या सगळे लग्नाला सेनगावला निघतील. मला रजा नाही, म्हणून घराची किल्ली माझ्याकडे.

२८ एप्रिल, सोमवार
दुपारी जेवायला आलो तर कुलूप काढल्यावर समोर तीन पाट मांडलेले. सकाळी नव्हते, शपथेवर सांगतो. मी माझ्या खोलीत डबा उघडला. भिंतीपलीकडे बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी भात वाढत होतं. खरं सांगू? भीती वाटली, पण बरंही वाटलं. घरात माणूस असल्यासारखं.

३० एप्रिल, बुधवार
पाटांसमोर हळदीच्या पावलांचे ठसे. मोबाईल आपोआप वाजू लागला. शालूबाईंचा आवाज विरत गेला आणि माझा वर आला. नुसतं साधना, साधना. ॲप काढून टाकलं तरी थांबेना.
शालूबाईंना फोन करून सगळं कबूल केलं. त्यांनी आधी शिव्या घातल्या, मग रडल्या. ज्यानं आवतन वाजवलं त्यानंच नाव घेऊन बोळवायचं, असं म्हणाल्या. तोवर त्यांच्या ताटातलं शितसुद्धा तोंडात घालू नको, घातलंस तर तू त्यांच्यातलाच झालास लेकरा. उद्या दुपारी त्या पोचतील. मी येईस्तोवर घरात पाऊल टाकू नको, असंही म्हणाल्या.

१ मे, गुरुवार
गोदामाला सुट्टी. सकाळभर बाहेर पारावर बसलो. एकदा, लांबूनच आईला —
आत आलोय. मांडीवर वही. तिघंही बसलेत.

उकंडरावांचं नाव घेतलं. जेवलात, आता आपल्या वाटेनं जा. कडी वाजली. गेले.
मिराबाई. गेल्या.

आता ती. तिची ती नेहमीची हिरवी साडी. नाव घ्यायला तोंड उघडतो आणि —

किती वाळलास रे नचिकेता, म्हणते. माझा पाट तिनं शेजारी ओढलाय.

शालूबाईंचा फोन. फाट्यावर उतरल्यात. दहा मिनिटं दम धर म्हणाल्या, रडत होत्या.

दहा मिनिटं. नाव घे, नाव घे — सा —
नाही घेता येत. ती गेली की पुन्हा मी एकटाच —

वरणभाताचा घास केलाय तिनं. हात गार आहे पण आईचाच —
वर्ष झालं, कुणी भरवलं नाही मला —

बाहेर शालूबाई हाका मारताहेत, दार —

एकच घा