चौथीच्या वर्गातला स्वायत्त प्रदेश

१२ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत. तू तर बराच असणार. राजधानीत बसून दुसऱ्यांचं बरंवाईट ठरवायला प्रकृती ठणठणीतच लागते.

तू लिहिलेला 'आपला स्वायत्त प्रदेश' हा धडा काल चौथीला शिकवला. काय रे ती भाषा! 'अधिकारांचे सुयोग्य विभाजन' म्हणे. नऊ वर्षांच्या पोरांसाठी लिहिलंस की साहेबांना खूश करायला? अर्धा वर्ग जांभया देत होता. शेवटी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, घरातलं कपाट म्हणजे देश. त्यातला एक कप्पा तुमचा. तो कसा लावायचा ते तुम्ही ठरवायचं. शाळा, रस्ते, आपली भाषा, हे आपल्या कप्प्यातलं. सैन्य, चलन, परदेशांशी बोलणी, हे अख्ख्या कपाटाचं. ते सगळ्यांचं मिळून ठरतं. पोरांना चटकन कळलं. तुला अजून कळायचंय.

पुढच्या बाकावरची चिमणी उठली. "बाई, आईनं न विचारता माझा कप्पा आवरला तर?"

"नाही आवरायचा. आधी विचारायचं, असा नियम लिहून ठेवलेला असतो. मोडला तर कोर्टात जायचं."

"आणि ताईनंच माझ्या वतीनं आईला हो-नाही सांगून टाकलं तर?"

मी फळा पुसायला वळले.

बाबांना तुझ्याकडे न्यायचं तू परस्पर ठरवलंस, वर तारीखही कळवलीस. वडील म्हणजे काय तुझ्या ऑफिसातली फाईल, इकडून तिकडे सरकवायला? मी दोनदा उलट कळवलं, 'बाबा नाही म्हणतात.' दादा, ते नाही म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. तुझी दोन्ही पत्रं माझ्या पर्समध्येच होती.

काल संध्याकाळी ती त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचली. म्हणाले, "पहिलं आलं तेव्हाच दाखवलं असतंस, तर नाहीच म्हणालो असतो. आता जातो."

मी रडले, हातापाया पडले. "तो निदान उघड हुकूम सोडतो," म्हणाले आणि बॅग भरायला घेतली.

रविवारी सकाळच्या गाडीनं येताहेत. ड्रायव्हरला पाठवू नकोस, स्वतः जा. खोली कोणती हवी ते त्यांना विचार. मला विचारणं जमलं नाही, तुला तर मुळीच जमायचं नाही. तरी विचार.

तुझ्याच वळणावर गेलेली,
धाकटी