खिळ्यावरचा बिल्ला

३ डिसेंबर १९५६

आलो बाबा एकदाचा बुऱ्हाणपुरात. अमरावतीच्या आमच्या कचेरीची नव्या राज्यांत वाटणी झाली, कुणी मुंबईकडे गेलं, कुणी भोपाळला, आणि माझ्यासारखे चार-दोन कुठंच बसेनात. त्यामुळे इथल्या कापडगिरणीत वेलफेअर क्लार्कची जागा मिळाली तेव्हा शारदा देवापुढे साखर ठेवून आली. नोकरी पक्की झाली की तिला आणि छोट्या सुमनला इकडे आणायचं. तोवर सरुबाईंकडे खोली. बाई गिरणीतच रिळाच्या खात्यात आहेत, जेवणही त्याच देतात. आज शेवभाजी केली होती. झणका असा की डोळ्यांतून पाणी, पण दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

मॅनेजरसाहेबांनी पहिलंच काम गोड दिलं. अख्खी गिरणी एक दिवस बंद ठेवून सगळ्यांना सहलीला न्यायचं, म्हणजे नव्या राज्यात सगळे हसतखेळत राहतील. नोकरी पक्की होणं त्यावरच आहे, असंही जाता जाता म्हणाले.

७ डिसेंबर

सहल कसली, डोक्याला ताप आहे. मागावरच्या विणकरांना शाहपूरकडचा केळीचा मळा पाहिजे, कचेरीवाल्यांना देडतलाईकडची टेकडी. जेवणात वरण-बट्टी यावर एकमत झालं, पण वांग्याच्या भाजीत तिखट किती यावरून पुन्हा जुंपली. माझ्या पायांचे तुकडे पडलेत.

इथली हजेरी वेगळीच आहे. फाटकाजवळ खिळ्यांची फळी. प्रत्येकाचा पितळी बिल्ला असतो, तो सकाळी आपल्या खिळ्यावर टांगायचा, संध्याकाळी घरी न्यायचा. बिल्ला खिळ्यावर तर माणूस आत. कुणाला रजा पाहिजे तर तो ओळखीच्या बदलीवाल्याला आपला बिल्ला देतो. तो बिल्ला टांगतो, हात लावून कपाळाला लावतो आणि त्याच्या मागावर उभा राहतो. सरुबाईंनी बजावलं, की भाऊ, आपण बाहेर आणि बिल्ला खिळ्यावर, असं कधी करू नका. रिकामी जागा कोणीतरी भरतंच, अन्‌ तो कोण ते मग आपल्या हातात राहत नाही. मी हसलो. बाई रागावल्या, भाजी वाढायची विसरल्या.

११ डिसेंबर

मळा बघायला कडूबरोबर शाहपूरला जाऊन आलो. कडू मागावरचा विणकर, बोलका, सगळ्यांशी गोड. त्यानं रीतसर रजा काढली, बिल्ला बदलीवाल्याकडे दिला. मी मात्र माझा सकाळी टांगला आणि तसाच निघालो. नवीन माणूस, गैरहजेरी कशाला लावून घ्या?

मळा छान आहे. कडूनं स्वतःच्या शिदोरीतली अर्धी भाकर मला दिली, आईच्या आजारपणाचं सांगत बसला. परत आलो तर सरुबाई दारातच थबकल्या. म्हणाल्या, मघाशी जेवून गेलात ना? मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. जेवायला मिळालं नाही, बाईंकडे उरलंच नव्हतं.

१२ डिसेंबर

टेबलावर काल राहिलेलं सगळं काम पुरं झालेलं. ट्रकवाल्याशी बोलणं, बट्टीसाठी गोवऱ्या, आचारी, सगळं. अक्षर माझंच. साहेब म्हणाले, काल तुम्ही फार झटलात. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर बरं वाटलं. किती महिन्यांनी कुणीतरी माझं ओझं उचललं.

१४ डिसेंबर

मुद्दाम केलं. बिल्ला टांगला आणि तापीवर जाऊन दिवसभर झोपलो. कोण करतंय ते करू दे. मला फक्त झोप पाहिजे होती.

१५ डिसेंबर

आजही तेच. सुटल्यासारखं वाटतंय. संध्याकाळी बिल्ला घ्यायला गेलो तर खिळा रिकामा. घरी सरुबाईंनी दार अर्धंच उघडलं. आत माझ्या खाटेवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. माझा शर्ट होता. बाईंनी दार मागे ओढून धरलं. हळूच म्हणाल्या, सोमवारी भोंग्याच्या आधी जा, अन्‌ तुमचा बिल्ला त्याच्याकडून घेऊन तुमच्या हातानं टांगा, नाहीतर संपलं. रात्र देवळाच्या ओट्यावर काढली.

१७ डिसेंबर

मी पोचायच्या आधीच बिल्ला टांगलेला होता. हात घातला तर पहारेकऱ्यानं मनगट धरलं. म्हणाला, नंदकुमारबाबू केव्हाच आत गेले, तू कोण? मी ओरडून नाव सांगितलं. लोक बघत राहिले, जसं दारुड्याकडे बघतात.

कडू आला. त्यानंही ओळखलं नाही. पण हातावर एक केळ ठेवलं.

२० डिसेंबर

फाटकापाशी रोज सकाळी बदलीवाले उभे असतात. आता मीही. कुणी काही विचारत नाही. अंगात त्राण नाही. शारदेला पत्र टाकलं, येऊ नकोस म्हणून. पोचलं असेल का—

२२ डिसेंबर

पोचलं नाही. किंवा त्याचं आधी पोचलं.

त्याची नोकरी पक्की झाली. आज शारदा आली. स्टेशनवर तोही होता. सुमन त्याच्या खांद्यावर, त्याचे केस ओढत होती. मी पुढे झालो. शारदेनं सुमनला जवळ ओढलं. तिच्या डोळ्यांत माझी भीती होती. माझी, तिच्या नवऱ्याची. त्यानं मला ओळखलं. तो एकटाच ओळखतो. दमल्यासारखं हसला, अगदी मी हसतो तसं.

२४ डिसेंबर

नोटीस लागली. परवा सहल. सर्वांनी सकाळी बिल्ले खिळ्यावर टांगून मगच ट्रकमध्ये बसावं, म्हणजे दिवस भरलेला धरला जाईल. खाली माझी सही.

सगळ्यांचे— सगळेच बिल्ले—

सरुबाईंना गाठलं. त्या पदराची गाठ घट्ट धरून म्हणाल्या, मी नाही टांगणार, सहलीलाही नाही जाणार. पण बाकीच्यांना समजावता समजावता त्यांचा घसा बसलाय. खाडा लावून घ्यायला कुणी तयार नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

२६ डिसेंबर

ट्रक उभे. गुलाल, ढोलकी. बिल्ले टांगताहेत, एकामागून एक. ओरडलो, टांगू नका, बिल्ले बरोबर ठेवा. पहारेकऱ्यानं ढकललं. म्हणाला, आज गिरणी बंद, बदली नको.

ती ट्रकमध्ये, त्याच्या शेजारी. हिरवं लुगडं, मीच घेतलेलं. माझ्याकडे बघून त्याला म्हणाली, त्या बिचाऱ्यासाठी दोन बट्ट्या आणू या हो, उपाशी दिसतो. तो म्हणाला, आणू.

गेले.

पहारेकरीही गेला. फाटक उघडंच.

मागे वळलो. एवढे बदलीवाले कधी आले? ओळखीचं कुणी नाही. बोलत नाहीत. एकेक पुढे होतो, बिल्ल्याला हात, कपाळाला हात, आत— चालताना त्यांचे खांदे बदलताहेत, चाल बदलतेय—

माग सुरू झाले. एक. मग सगळे.

खिळ्यांपाशी मीच उरलोय. माझा खिळा रिकामा, त्यानं बिल्ला बरोबर नेला. हात न लागलेला बिल्ला एकच. कडूचा.

त्यानं मला भाकर दिली होती. केळ दिलं. त्याची आई घरी वाट—

नाही. मी नाही. निघून जातो इथून.

पण जाऊ कुठं? पाय उचलत नाहीत. त्याच्या घरी खाट असेल. कुणीतरी नावानं हाक मारेल. एक दिवस तरी— थोडं टेकायला—

पितळ किती गार ल