लॅपटॉपात एक टिकली कमी

२८ सप्टेंबर, रविवार
आजपासून मी कॉम्प्युटरवाली. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं पहिल्यापासून तेज. नातू हर्षितनं पुण्याले जाताना त्याचा जुना लॅपटॉप मले देऊन टाकला. पणतू आर्यनचे सारे व्हिडिओ त्यातच आहेत. पोरानं पहिलं पाऊल आमच्या लकडगंजच्या घरात टाकलं, माझ्या पलंगापासून फ्रिजपर्यंत. मोबाइल भरला म्हणून मोबाइलमधले मी पुसले. आता ते जगात फक्त इथे.
पण सून सुरुची यावर सिरियल पाहते, तिचं बोट कुठंही पडते. म्हणून यूट्यूबवर पाहून हार्ड डिस्कलेच पासवर्ड लावला. त्यातली बाई म्हणे, दोन लावा, एक युजरचा, एक मास्टरचा, वेगवेगळे. दोन चाब्या सांभाळते कोण? दोन्हीकडे एकच लावला. असा लावला की सुरुचीले सात जन्म सुचणार नाही. इथे लिहीत नाही.

३० सप्टेंबर
रोज उघडून पाहते. टाइप केलं की अक्षरं दिसत नाही, काळ्या टिकल्या दिसतात. मग फटकन उघडते.
नात वेदिकाचा, म्हणजे आर्यनच्या आईचा, हैदराबादहून फोन. कोजागिरीले येऊन राहिली. घरातलं मोठं लेकरू, कोजागिरीले तिची आई सुरुची ओवाळेल तिले. म्हणाली, आजी वं, तो पहिल्या पावलाचा व्हिडिओ दाखवजो, मी तेव्हा आंघोळीले गेली होती, पाहिलंच नाही. म्हटलं, टीव्हीवर लावून दाखवते, ये तू.

१ ऑक्टोबर, खांडेनवमी
शिलाई मशीन, मिक्सर, विळी, स्कूटर, सगळ्यांची पूजा. लॅपटॉपची पहिल्यांदा. हळद, कुंकू, झेंडू. अक्षता कुंकवात ओल्या करून बटणाबटणावर वाहिल्या, एक बटण उपाशी ठेवलं नाही. सुरुची म्हणाली, आई, झाकण लावून वाहा ना. म्हटलं, देवाच्या तोंडावर झाकण लावते का कोणी?
आज अवजारांचा आराम. उघडला नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
उघडत नाही. तीनदा चूक म्हणते, मग बंद करा म्हणते. बंद केला, चालू केला, तेच. माझा पासवर्ड चुकूच शकत नाही. एक टिकली कमी येते तेवढीच. भाजीवाला काटा मारते तसं मशीनही मारत असेल.
हे सुरुचीचं काम. तिनंच बदलला. सोनं द्यायले आली तर मी पान घेतलं आणि पाठ फिरवली.

३ ऑक्टोबर
संकल्प : सुरुचीशी अबोला. सकाळपासून सुरू. चहात साखर कमी होती म्हणून मोडावा लागला. दुपारपासून पुन्हा सुरू.
यूट्यूबवाल्या बाईनं दाखवलेल्या सेटिंगमध्ये गेली. पासवर्ड काढायचा तर पासवर्ड मागते. काय कारभार आहे.
हर्षितले फोन केला. म्हणे, आजी, हा विंडोजचा नाही, डिस्कचा पासवर्ड आहे. विसरली असशील तर दुकानवालाही काही करू शकत नाही, डिस्क भंगारात. मास्टर काय ठेवला? म्हटलं, तोच. मग फोन कटला. पुण्याचं नेटवर्क खराब आहे.

४ ऑक्टोबर
शेजारच्या रुखमाबाईले सांगितलं, सुनेनं पासवर्ड बदलला. म्हणाली, मले वाटलंच होतं. बाई मायाळू आहे, बाजारात निघाली होती तरी सारं ऐकून घेतलं.
सुरुची संध्याकाळी बाजारातून आली ती सरळ मोरीत. डोळे लाल. कांदा चिरला असेल. बाजारात? असेल.

५ ऑक्टोबर
मुलगा गिरिधर म्हणाला, आई, काहून तिच्या मागं लागली तू? तिचाही नातूच आहे ना तो, ती काहून त्याचे व्हिडिओ घालवेल? म्हटलं, तू मधात पडू नको.
मुद्दा आहे पण. उद्या विचार करीन. आज अबोला चांगला चालून राहिला.

६ ऑक्टोबर, कोजागिरी, दुपार
वेदिका आली. सांगितलं, उघडत नाही. चिडली असती तर बरं होतं. आर्यनचे मोजे काढत बसली.

संध्याकाळ
वेदिकाले दाखवत होती, पाहा वं, हरवेळी एक टिकली कमी. सुरुची ओवाळणीच्या ताटासाठी अक्षता ओल्या करत होती. तिचा हात थांबला. आली, लॅपटॉप उलटा करून झटकला, बांगडीतली सेफ्टीपिन काढली आणि एच बटणाखालून लाल तांदूळ उचकटून काढला. माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, आई, सांगा, मी टाकते.
म्हटलं, मीच टाकते. पण घाईत बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा चुकलं की बंद. गिरिधर उभा, वेदिका उभी. सांगावाच लागला. एस, यू, आर, यू, सी. तिचं बोट थांबलं. माझ्याकडे पाहिलं. मग एच, आय तिनं न विचारता दाबलं.
उघडला. आर्यन पलंग सोडून डुलत डुलत फ्रिजकडे निघाला. फ्रिजजवळ हात पसरून सुरुची बसली होती. हे मी विसरली होती. वेदिकानं तीन वेळा पाहिला.
तांदूळ घट्ट बसला होता, म्हणजे पूजा मनापासून झाली. पुढल्या वर्षी फक्त फूल.
उद्या रुखमाबाईकडे जाऊन सांगितलेलं परत घ्यावं लागेल. त्याआधी सुरुचीशी बोलावं लागेल. सुरुवात सुचत नाही. साखरेवरून करीन म्हटलं होतं, पण तिनं आटवलेलं दूध आणून दिलं, साखर बरोबर होती. बोलायले कारणच ठेवलं नाही तिनं.