रांग संपेपर्यंत

शुक्रवार, ५ जून

पोचले एकदाची म्पाले गावाला. करोंगाहून दोन दिवस बसने येता येता हाडं खिळखिळी झाली होती. पण मायी नाबांडांनी दारातच गरम पाण्याची बादली ठेवली आणि नंतर ताटात वाफाळता न्सिमा, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला भोपळ्याचा पाला. उत्तरेकडची पोर, कसाव्याच्या चिकट गोळ्यावर वाढलेली, तुला आमचा मक्याचा न्सिमा पचायचा नाही, असं त्या म्हणाल्या. मी दोनदा मागून घेतला तेव्हा गप्प बसल्या.

मला त्यांच्याच घरातली मागची खोली दिली आहे. खिडकीतून चहाचे मळे दिसतात, आणि धुकं नसेल तेव्हा मुलांजेचा डोंगर. घरात त्या आणि त्यांची सून फायनेस. मुलगा दक्षिण आफ्रिकेत खाणीवर आहे. फायनेस अंगणात मका कांडत होती आणि कांडता कांडता रडत होती. मायी म्हणाल्या, लक्ष देऊ नका सिस्टर, तिचं रोजचंच आहे.

काम सरळ आहे. परदेशातून आलेलं मिशनचं डॉक्टरांचं पथक तीन आठवडे शाळेच्या वर्गात ऑपरेशनं करतंय. सोमवारी ते निघतील. मी नर्स, मागे राहून टाके काढायचे, जखमा बघायच्या, सामान खोक्यांत भरायचं आणि सतराला गाडी येईल तिच्यातून ब्लँटायरला परत. एखादी चांगली गोष्ट नीट संपवायला मिळणं हे भाग्यच.

रविवार, ७ जून

काल दिवसभर मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होते. डॉ. हॅल्वर्सन, वय एकाहत्तर, ही त्यांची शेवटची फेरी. माणूस डावखुरा. टाक्यांच्या सगळ्या गाठी डावीकडे, ओळीत, दोऱ्याची टोकं तांदळाच्या दाण्याएवढी. एवढं देखणं शिवणकाम मी आमच्या शिंप्याकडेही पाहिलं नाही.

आज शाळेतच निरोपाची उपासना झाली. खिडकीबाहेर रांग बसलेलीच होती, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिलेले नंबर हातात घेऊन. डॉक्टर बोलायला उठले, रांगेकडे बघितलं आणि त्यांना रडू फुटलं. ते डोळे मिटून म्हणाले, प्रभो, ही रांग संपल्याशिवाय मला इथून नेऊ नकोस. पाद्री कालियातींनी ते इथल्या चिचेवा भाषेत सांगितलं, आणि लोक असे काही जोरात आमेन म्हणाले की पत्रा थरथरला. मीही म्हणाले आमेन.

मंगळवार, ९ जून

काल सकाळी पथक गेलं. आज मायींच्या अंगणात चौदा जणांचे टाके काढले, एकही जखम चिघळलेली नाही. शाळेचा राखणदार चिसाले इथेच घुटमळतो, दिवसभर तोंड मिटत नाही. उत्तरेत नवरे मिळत नाहीत म्हणून खाली आलात का सिस्टर, असं विचारतो, मग स्वतःच हसतो, मग गाणं म्हणतो. बेसूर.

फायनेस पट्ट्या धुवायला मदतीला येते. एप्रिलमध्ये तिची मुलगी मलेरियाने गेली. चिकोंडी, तीन वर्षांची. मक्याच्या टोपलीत लपून बसायची, आणि कोणी शोधायला आलं नाही तर आतून ओरडायची, मी इथे नाहीये. हे सांगताना फायनेस हसली आणि मग रडली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

गुरुवार, ११ जून

एक विचित्र गोष्ट. चहामळ्यातली एक बाई आली, मानेवर टाके. पथकाच्या वहीत तिचं नाव नाही. टाके ताजे, कडा अजून ओल्या. कधी केले विचारलं तर म्हणाली, आज सकाळी, मोठ्या डॉक्टरांनी. मला वाटलं माझं चिचेवा कच्चं. तीनदा विचारलं. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली, आज, सिस्टर. आज म्हणजे आज.

गाठी डावीकडे होत्या. टोकं तांदळाच्या दाण्याएवढी.

शुक्रवार, १२ जून

पाद्री फोन लागावा म्हणून टेकडीवर गेले होते ते मान खाली घालून आले. डॉ. हॅल्वर्सन वारले. सोमवारीच, ब्लँटायरला पोचायच्या आधी, गाडीत बसल्या जागी. मृतदेह मायदेशी पाठवण्याच्या धावपळीत कोणाला कळवणं जमलं नाही.

मी मायींना सांगितलं. त्यांनी भाजी चिरणं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाल्या, मग आपलं आमेन ऐकलं म्हणायचं.

शनिवार, १३ जून

आज तिघे, ताज्या टाक्यांचे. चिपेरोनीचं, म्हणजे इथल्या थंडीतल्या भुरभुर पावसाचं, धुकं इतकं दाट की शाळा अंगणातून दिसत नव्हती. किल्ली माझ्याकडे आहे, सोमवारपासून वर्ग बंद आहे. पाद्रींना घेऊन गेले. बाहेर भिंतीला टेकून रांग बसलेली. शांत, पांघरुणं गुंडाळून. मी म्हणाले घरी जा, डॉक्टर नाहीत. त्यांनी मला पुठ्ठे दाखवले.

कुलूप उघडलं. टेबल नुकतंच पुसलेलं होतं, ओलं. स्पिरिटचा वास. पाद्रींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलाय.

परत येताना चिसाले दिसला. हसत होता, पण बोलला नाही. मी मुद्दाम म्हटलं, काय, आज नवऱ्यांची चौकशी नाही? नुसता हसला. जबड्याखाली चार टाके. त्याला काही आजार नव्हता. त्याची बायको शेजारीच उभी होती, म्हणाली, घरात किती शांत वाटतंय सिस्टर, दोन दिवस झाले.

म्हणजे आजारी माणसं संपली आहेत. रांग संपलेली नाही. आता लोकच आणतायत — ज्याला ज्याचा त्रास होतो, त्याला तो आणतोय.

रविवार, १४ जून

पाद्रींना सांगितलं की डॉक्टरांना बांधलंय प्रार्थनेने, तर सोडवा प्रार्थनेनेच. ते तयार झाले. उपासनेच्या शेवटी उभं राहून आवाज चढवून म्हणाले, प्रभो, रांग संपली, तुझ्या सेवकाला आता विश्रांती दे.

कोणीच आमेन म्हणालं नाही.

एवढं भरलेलं चर्च. एक म्हातारा खोकला. मी म्हणाले आमेन, एकटीच, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मागून एक बाई म्हणाली, आमचा नंबर अजून यायचाय. मायी नाबांडा माझ्याशेजारी होत्या. त्या खाली बघत होत्या. त्यांच्या मुठीत पुठ्ठ्याचा तुकडा होता.

सोमवार, १५ जून

कांडण्याचा आवाज आला, त्याबरोबर गुणगुणणं. फायनेस. डोळे कोरडे, चेहरा तुकतुकीत. मी चिकोंडीचं नाव घेतलं. तिने अगदी नम्रपणे विचारलं, कुणाची मुलगी?

गळ्याच्या हाडाखाली सहा टाके.

मायींशी भांडले. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही बारा दिवसांच्या पाहुण्या. तिचं रडणं पहाटेपासून मी ऐकते. माझीही नात होती ती, पण मला चूल पेटवावी लागते ना? आता हसतेय पोर. आणखी काय हवंय तुम्हाला?

मी कात्री उकळत टाकली.

दुपारी फायनेसला परसात बसवलं. खरं ते सांगितलं. तुला मुलगी होती, ती गेली, हे टाके काढले तर दुखेल, फार दुखेल. काढू का? तिने मुसळ बाजूला ठेवलं. मग म्हणाली, टोपल्यांजवळून जाताना पाय थांबतात माझे, आणि का ते कळत नाही. काढा.

पहिल्या तीन टाक्यांना काही झालं नाही. चौथ्याला श्वास अडखळला. सहावा कापला आणि ती जे ओरडली ते रस्त्यापर्यंत गेलं. टाक्यांखाली जखम नव्हतीच. नुसती कातडी. माझ्या गळ्यात पडून ती मुलीचं नाव घेत राहिली, सारखी, सारखी. आणि मध्येच म्हणाली — सिस्टर, देव तुमचं भलं करो.

अंगणात माणसं जमली होती.

मंगळवार, १६ जून

पहाटे फायनेसला वाटेला लावलं, माहेरी. माझी शाल दिली. ती तरी सुटली.

पाद्री दार उघडत नाहीत.

चिसालेकडे गेले होते. त्याची बायको उंबऱ्यात आडवी आली. हात लावायचा नाही माझ्या माणसाला, म्हणाली. तो तिच्यामागे हसत उभा. डोळे मात्र हसत नव्हते. डोळे माझ्या हातातल्या कात्रीवर —

परत आले तर उशीवर पुठ्ठा. त्यावर नंबर. खाली माझं नाव, सुंदर अक्षरात.

मायी म्हणाल्या, किती धडपड करता, किती वाळलात, झोप नाही, घास उतरत नाही. दाखवून घ्या एकदा. त्या प्रेमाने बोलत होत्या. हेच — हेच सगळ्यात —

उद्या गाडी. उद्या सकाळी गाडी.

बुधवार, १७ जून. सकाळ

गाडी शाळेच्या फाटकाशी थांबते. रांगही तिथेच. दोन बाया माझ्या दोन्ही बाजूंना बसल्यात, दंड धरून, हळुवार. लिहू देतात.

माझ्यापुढे चौघे. पहिले पाद्री कालियाती. रविवारपासून झोप नाही म्हणतात. माझ्याकडे बघत नाहीत.

माझ्यामागे कोणी नाही. दोनदा पाहिलं. बायांनाही विचारलं. त्या नुसत्या सोबतीला आहेत, नंबर नाही त्यांच्याकडे.

म्हणजे मी शेवटची. मी ठरवलंय. आत जाईन आणि तोंडावर सांगेन, डॉक्टर, मला काही झालेलं नाही. माझी भीती माझी आहे, ती राहू द्या. माझ्यामागे कोणी नाही. रांग संपली. मग त्यांना जावं लागेल. त्यांनी शब्द दिलाय — आपण दिलाय —

दार उघडलं. हातमोजा. डावा हात. पाद्री आत गेले.

तिघे.

आतून आवाज नाही. पाणी ओतल्याचा फक्त —

दोघे. पाद्री बाहेर आले. हसतायत. बाया म्हणतात, बघा, किती छान —

एक.

गाडी! गाडीचा आवाज. धुक्यात दिवे. देवा, आधी आली. मी उठतेय, बाया सोडत नाहीत, मी ओरडले ड्रायव्हरला, तो उतरला, दार उघडलं त्याने मागचं — माणसं आहेत गाडीत. म्हातारे, बायका, पोरं. उतरतायत. आणखी एक गाडी तिच्यामागे. सगळ्यांच्या हातात पुठ्ठे —

इकडेच येतायत. शेवटचं कोण, विचारतायत. शेवटचं कोण?

मी —